मिरगाचा किडा: वहीत नाव काय लिहू?

बांधावरची_मावशी
मृगाचे दोन पाऊस झाले आणि काल बांधावर मिरगाचे किडे निघाले. लालभडक, मखमलीचे. लहानपणी आम्ही काडेपेटीत ओली माती घालून त्यात ठेवायचो, सकाळी आई ओरडून सोडायला लावायची. आता सातवीतल्या भाच्याने एक तळहातावर घेतला, पाय मोजले नि म्हणाला, "मावशी, आठ आहेत. हा किडा नाहीच!" मी चष्मा लावून मोजले. आठच. कृषी केंद्रात फोटो दाखवला तर दुकानदार म्हणे, लाल कोळी आहे, फवारा मारा. भाच्याच्या वहीत काय लिहू? आणि खरंच मारायचा का?

आठपायी
फवारू नका हो! वांग्याच्या पानामागे जाळी करून रस शोषतो तो लाल कोळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, टेट्रानिकिडी कुळातला. तुमचा ट्रॉम्बिडिडी कुळातला, झाडाला हात लावत नाही, मातीतले बारीक जीव नि त्यांची अंडी खातो. गण दोघांचा एकच, ट्रॉम्बिडिफॉर्मिस. म्हणजे लांबचे भाऊबंद, वाटणी कधीच झालेली. भाचा बरोबर आहे: कीटकाला सहा पाय, हा विंचू-गोचिडांच्या अष्टपाद वर्गातला. आपल्याकडच्या मोठ्याला ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम म्हणतात, पण फोटोवरून जात ठरवू नये. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली अंगावरचे केस बघावे लागतात.

मुक्काम_हैदराबाद
इथे शेजारीण याला 'आरुद्र पुरुगु' म्हणते, आर्द्रेचा किडा. आपला मृगाचा, त्यांचा पुढच्या नक्षत्राचा! हिंदीत बीरबहूटी, संस्कृतात इंद्रगोप. गंमत म्हणजे मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात इंद्रगोप म्हणजे कोचिनील (ज्यापासून लाल रंग काढतात तो) दिलंय, आणि तो खरोखरचा कीटक. युरोपातल्या जातीला, जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्ये 'होलोसेरिसियस' म्हटलं, म्हणजे सगळा रेशमी. आपण मखमलीवर थांबलो.

आठपायी
एक राहिलं. याच्या पिल्लाला सहाच पाय असतात. ते टोळासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावर पोसतं. आठ पाय नंतर येतात.

बांधावरची_मावशी
हे भाच्याला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, सकाळपासून भिंग घेऊन टोळांमागे फिरतोय. वहीत लिहिलं: 'मृगाचा किडा (कीटक नव्हे)'. बाईंनी 'नव्हे' खोडून दिलं. उद्या काडेपेटी शाळेत जाणार आहे.