मदत हवी आहे: रॉकेलच्या टॉर्पेडो हीटरचा स्पार्क प्लग बदलायचा आहे (पांढरा धूर येतो, पेट घेत नाही)

नमस्कार मंडळी,

जरा तातडीने सल्ला हवा आहे. मी मिनेसोटात, डुलुथजवळ राहतो. आवारात वेगळं गॅरेज आहे आणि ते तापवायला ७०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप), रॉकेलवर चालणारा फोर्स्ड-एअर हीटर आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: खाली टाकी, वर आडवं नळकांडं, नळकांड्यात मागे मोटर आणि पंखा, पुढे जळणाचा कप्पा. तोंडातून गरम हवेचा झोत येतो. इथे त्याला टॉर्पेडो हीटर म्हणतात. पाच वर्षांपूर्वी जुनाच घेतला होता, आजवर एकदाही त्रास दिला नाही.

गेल्या शनिवारपासून मात्र पेटत नाही. चालू केला की मोटर फिरते, पंखा फिरतो, तोंडातून पांढरा धूर येतो आणि त्याला कच्च्या रॉकेलचा उग्र वास असतो. ज्वाळा नाहीच. दहा-बारा सेकंदांत सगळं आपोआप बंद पडतं. वायर काढून थोडं थांबलो, पुन्हा लावली, तेच. असं चार-पाच वेळा झालं.

घाई का आहे तेही सांगतो. बाबा सांगलीहून आलेत. साखर कारखान्यात फिटर होते, हात अजून तसाच आहे. फेब्रुवारीअखेर आमच्याकडे बाळ येणार आहे आणि बाबा त्याच्यासाठी मेपलच्या लाकडाचा पाळणा करताहेत. गज तासून झाले, पॉलिश पेपर मारून झाला, आता फक्त चिकटवायचं राहिलंय. पण काल सकाळी बाहेर उणे २४ होतं, गॅरेजात बादलीतलं पाणी दगड झालंय. हीटर बिघडला त्याच संध्याकाळी आम्ही एक सांधा चिकटवला होता. सकाळी डिंकाची रेघ खडूसारखी पांढरी पडलेली, आणि बाबांनी दोन बोटांनी पिळल्यावर सांधा सुटून हातात आला. ते काहीच बोलले नाहीत, पटाशीने जुना डिंक खरवडायला बसले. बारसं त्याच पाळण्यात व्हावं अशी आम्हा सगळ्यांची फार इच्छा आहे.

काल रात्री दिवे मालवून मागच्या जाळीतून पाहिलं. चालू करताच आत कुठेतरी निळसर चमकत होतं आणि टक-टक आवाज येत होता. मग वायर काढून वरचं कव्हर उघडलं. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ आहे, वायरच्या टोपीपासून थेट लोखंडी बुडापर्यंत. नखाने खरवडली, जात नाही.

प्रश्न असे: दोष प्लगचाच, की त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या मागच्या ट्रान्सफॉर्मरचा? गाडीचा प्लग चालेल का? प्लगच्या दोन टोकांमधली फट किती ठेवायची? आणि बाबा म्हणतात, "अरे, नोझलमध्ये घाण असणार. स्टोव्हची पिन मारू या." मारावी का?

प्रतिसाद १

पिन मारू नका! हे आधी लिहितो, बाकी नंतर. काकांचं म्हणणं पितळी स्टोव्हपुरतं बरोबर आहे, आमच्याकडेही घासलेटच्या डब्याशेजारी पिनांचं पाकीट असायचं. पण या हीटरचं नोझल वेगळं. मोटरमागचा छोटा पंप हवा दाबून नोझलमध्ये पाठवतो आणि ती हवाच टाकीतलं रॉकेल ओढून त्याचा फवारा करते. भोकाच्या कडेला एक ओरखडा पडला तरी फवारा तिरका होतो आणि काजळी धरते. नोझल साफ करायचंच तर काढून तोंडाच्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारा.

शिवाय तुमचं नोझल चालू आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या रॉकेलची वाफ. म्हणजे पंप, नळ्या, नोझल आपापलं काम करताहेत, फक्त ठिणगी पोचत नाही.

प्रतिसाद २

एक खात्री करून घ्या: पेटतच नाही, की पेटून विझतो? पेटून काही सेकंदांत विझत असेल तर बहुतेक फोटोसेल. तो ज्वाळेचा उजेड बघत असतो. त्याच्या काचेवर काजळी बसली की ज्वाळा असूनही त्याला अंधार दिसतो आणि तो सगळं बंद करतो. मऊ कापडाने पुसलं की झालं. पण मुळात पेटतच नसेल तर तुमची काळी रेघच गुन्हेगार आहे. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. चिनीमातीला तडा जातो किंवा तिच्यावर कार्बनची वाट पडते, मग वीज पुढच्या दोन टोकांमधली फट ओलांडण्याऐवजी त्या सोप्या वाटेने बुडाला जाते. टक-टक आणि निळी चमक तीच. ट्रान्सफॉर्मर मेला असता तर तीही दिसली नसती. आधी प्लग बदला.

गाडीचा प्लग नको. या प्लगची टोकं लांब असतात, ती फवाऱ्यापर्यंत पोचावी लागतात. हीटरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर देऊन त्याचाच मागवा. काही मॉडेल्समध्ये प्लग नसतोच, तापून लालभडक होणारा इग्नायटर असतो. तो खडूइतका ठिसूळ. तुमच्याकडे तो नाही हे बरं.

प्रतिसाद ३

मला त्या चार-पाच प्रयत्नांची काळजी वाटते. दर वेळी आत रॉकेल फवारलं गेलंय आणि जळलेलं नाही, ते कप्प्यात साचलंय. आता नवा प्लग लावून एकदम चालू केलात तर तोंडातून मोठा भडका बाहेर येऊ शकतो. कव्हर उघडं आहेच, तर कप्पा फडक्याने टिपून कोरडा करा, हवेवर ठेवा. पहिल्यांदा पेटवताना हीटर बाहेर, मोकळ्यावर न्या आणि तोंडासमोर कुणी उभं राहू नका.

दुसरं, दार. मॅन्युअल काढून बघा: दर १,००,००० बीटीयूमागे ३ चौरस फूट मोकळी जागा ताज्या हवेसाठी हवी असं लिहिलेलं असतं. तुमच्या ७०,०००ला २.१ चौरस फूट. गॅरेजचं दार ९ फूट रुंद असेल तर ते ३ इंच वर ठेवलं की सव्वादोन चौरस फूट मिळतं. थंडी आत येईल, येऊ दे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवरचा अलार्म भिंतीवर लावा, आजच.

आणि लाकडाचा भुसा? ज्वाळेच्या हीटरपाशी रंधा-सँडिंग चालू असताना उडणारी धूळ आणि पॉलिशच्या थिनरची वाफ, दोन्ही नकोत. आधी तापवा, हीटर बंद करा, मग काम करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटतच नाही, हे नक्की. प्लग मागवलाय, परवा येईल. प्रतिसाद ३ वाचून अंगावर काटा आला. आम्ही दार पूर्ण बंद ठेवून काम करत होतो. अलार्म संध्याकाळीच आणून लावला. नोझलचं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी पिन परत डबीत ठेवली.

आणखी एक: रॉकेल मागच्या हिवाळ्यातलं आहे, निळ्या कॅनमधलं के-१ (हीटरसाठीचं स्वच्छ प्रतीचं रॉकेल). चालेल?

प्रतिसाद २

काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरा. पाण्यासारखं स्वच्छ हवं. तळाला थेंब वेगळे दिसले तर पाणी शिरलंय, पिवळट दिसलं तर शिळं झालंय. दोन्हीत टाकी रिकामी करून नवं भरा. आणि लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड लावत असाल तर जाड लावा, व्होल्टेज पडलं की मोटर मंद होते आणि पेटायलाही त्रास होतो.

प्रतिसाद ४

मागच्या वर्षी हेच काम केलं, एवढं सांगतो: सोडताना मोबाईलवर फोटो काढा. प्लगपर्यंत पोचायला पंखा काढावा लागतो. तो अॅलन कीच्या एका स्क्रूने शाफ्टवर धरलेला असतो. परत बसवताना तो स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे, गोल बाजूवर आवळलात तर पंखा दोन दिवसांत सैल होऊन खडखडतो. माझा झाला होता. नोझलला दोन नळ्या आहेत, हवेची आणि रॉकेलची. एकीला चिकटपट्टी लावून ठेवा, अदलाबदल नको. प्लग पान्याने सोडा, पाना तिरका होऊन चिनीमातीला टेकू देऊ नका.

धागाकर्ता

झालं! सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

रॉकेल बरणीत पाहिलं, तळाला मसुराएवढे दोन थेंब वेगळे होते. टाकी रिकामी करून पुसली, नवं भरलं. कप्पा कोरडा केला. मग कव्हर, पंखा, नळ्या, प्लगची वायर, या क्रमाने सोडत गेलो. जुना प्लग हातात आल्यावर बाबांनी तो खिडकीशी नेला. काळ्या रेघेखाली केसाएवढा तडा होता, बुडापासून वर अर्धा इंच. दोन्ही टोकं झिजून गोल झाली होती.

नवा प्लग आला तसाच लावणार होतो. बाबा म्हणाले, "खोक्यातून आलेलं माप कधी खरं मानू नये." मॅन्युअलमध्ये फट ०.०५५ ते ०.०६० इंच दिली आहे, म्हणजे साधारण १.४ ते १.५ मिलिमीटर. घरात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नव्हतं. बाबांनी विचारलं, तुमची नाणी किती जाड असतात? शोधलं तर डाइम (दहा सेंटचं नाणं) १.३५ मिलिमीटर आणि पेनी (एक सेंटचं) १.५२. ते एकदम खुलले. फिटरच्या गो-नो-गो गेजसारखं: डाइम सरकन जायला हवा, पेनी अडायला हवी. नव्या प्लगमध्ये पेनी आरामात जात होती! टोक पक्कडीने किंचित दाबलं, नाणी घालून पाहिली, परत किंचित दाबलं. चिनीमातीला धक्का नको म्हणून त्यांनी प्लगची लोखंडी मानच धरली होती. तिसऱ्या खेपेला डाइम गेला, पेनी अडली.

पंख्याचा स्क्रू सपाट बाजूवर घेतला, हे प्रतिसाद ४ मुळे. नाहीतर मी नक्की चुकलो असतो. वायरची टोपी टक्‌ असा आवाज येईपर्यंत दाबली.

हीटर अंगणात, बर्फ सारून केलेल्या जागेवर ठेवला आणि दोघेही मागच्या बाजूला उभे राहिलो. चालू केल्यावर एक पांढरी फुंकर आली आणि लगेच भप्प. ज्वाळा आधी पिवळी होती, मिनिटाभरात कप्पा तापून नारिंगी झाला. वास गेला. तासभर चालवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही.

आत नेऊन दार तीन इंच वर ठेवलं, लाकूड आणि डिंकाची बाटली आदल्या रात्रीच घरात आणून ठेवली होती. गॅरेज १५ अंशांवर गेल्यावर सांधे चिकटवले, शिकंजे आवळले. मग रात्रभर हीटर चालू ठेवण्यापेक्षा सगळा सांगाडा शिकंज्यांसकट दोघांनी उचलून स्वयंपाकघरात आणला. आज सकाळी बाबांनी शिकंजे काढले. डिंकाची रेघ पारदर्शक आहे, पांढरी कुठेही नाही. त्यांनी परत दोन बोटांनी पिळून पाहिलं. सांधा हलला नाही.