नदीकाठाने गोल फेरी, सोबत लहान मुलं आणि आजी: वाट कशी ठरवू?

नदीवेडी
नमस्कार मंडळी. येत्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन एखाद्या गावच्या नदीकाठी अर्धा दिवस चालायला जायचं मनात आहे. सोबत चार वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना चालायची खूप आवड, पण गुडघे जरा दुखरे. गेलो त्याच वाटेने परत यायचं म्हटलं की मुलगा कंटाळतो, म्हणून गोल फेरीच हवी आहे. नकाशावर एक जागा हेरली आहे. गावाजवळ पूल, तिथून दीड किलोमीटर वर एक साकव, आणि आणखी तेवढंच वर गेलं की नदी ओलांडायची तिसरी जागा. एका बाजूला काठाकाठाने पायवाट, दुसऱ्या बाजूला शेतं आणि छोटी टेकडी. पूर्ण फेरी सातेक किलोमीटर भरते. एवढं झेपेल का? आधी नदी घ्यावी की आधी शेतं? आणि पाण्याजवळ लेकीला सांभाळताना नेमकं कुठे लक्ष ठेवायचं? पोराबाळांना घेऊन असं फिरलेल्यांनी जरूर सांगा.

भटका_जीव
चार वर्षांच्या मुलीला सात किलोमीटर जास्त होतील. चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. पण तो धडधाकट मोठ्या माणसाचा. एवढं लेकरू सोबत असेल तर मी तासाला २ किलोमीटर धरतो, थांबे वेगळे. म्हणजे सात किलोमीटरला साडेतीन तास नुसतं चालणं, आणि नदीकाठी मुलं थांबणार नाहीत असं होत नाही.
साकवावरून वळून येणारी अर्धी फेरी हीच मुख्य फेरी धरा. साकवाशी पोचल्यावर सगळे ताजेतवाने असतील तर पुढचा भाग घ्या. मधेच परतायची सोय असलेली वाट मुलांसोबत सगळ्यात चांगली.

काठावरची
+१. आणि नदी शेवटी ठेवा. आधी शेतं-टेकडी, मग पाणी. पुढे पाणी आहे म्हटलं की मुलं पाय ओढत नाहीत. उलट केलंत तर नदी संपल्यावर रुक्ष वाटेने चालताना लेक कडेवर येणार.

डोहकाठ
मला हे पटत नाही. मुलं दमली की पाय घसटत चालतात, दगडाला ठेचकाळतात, हात सोडून पळतात. मोठ्यांचं लक्षही शेवटच्या तासात ढिलं पडतं. अशा वेळी शेजारी खोल पाणी नको. आधी नदी घ्या. सगळे ताजे असताना, सकाळच्या उन्हात, हवा तेवढा वेळ काठावर घालवा. परतताना शेतातून चाला, तिथे मूल धडपडलं तर गुडघा खरचटेल, त्याहून जास्त काही नाही.
राहिला प्रश्न नेमकं कुठे जपायचं हा. नदीचं वळण ओळखायला शिका, आणि मुलालाही शिकवा. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जोरात जातं. तो काठ कापला जातो, उभा होतो आणि त्याच्या पायथ्याशी पाणी खोल असतं. बरेचदा काठ खालून पोखरलेला असतो. वर हिरवं गवत दिसतं आणि खाली माती नसते. तिथे कडेपासून दोन-तीन पावलं आत राहूनच चालायचं, खाली डोकवायचं नाही. आतल्या अंगाला पाणी मंद होतं, वाळू-गोटे तिथे टाकून जातं, आणि हळूहळू उतरत जाणारा किनारा तयार होतो. तुमची बसायची जागा ती. नकाशात वाट वळणाच्या आतल्या बाजूने कुठे जाते ते बघून थांबे तिथेच ठरवा.
याचा आणखी एक फायदा आहे. आतल्या वाळूवर बसलात की समोरचा उभा मातीचा काठ अख्खा दिसतो. त्यात हातभर उंचीवर किंवा त्याहून वर गोल भोकं दिसली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची बिळं असू शकतात, दोघंही अशा कड्यांत बीळ कोरून अंडी घालतात. मुलाला दुर्बीण द्या आणि गप्प बसायला सांगा. खंड्या पाण्यालगत सरळ रेषेत निळा बाण सुटावा तसा जातो. आधी त्याची शीळ ऐकू येते, मग तो दिसतो. त्या काठावर वरून चढू-उतरू नका, बिळं ढासळतात.

नदीवेडी
किती नीट सांगितलंत! नकाशा पुन्हा उघडून पाहिला. काठाची वाट दोन वळणांना आतून जाते, एका ठिकाणी बाहेरून. एक राहिलंच: ती वरची तिसरी जागा म्हणजे पूल नाही, उतार आहे. दगडांवरून पलीकडे जायचं. फोटोत तर घोटाभर पाणी दिसतंय.

भटका_जीव
फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते महत्त्वाचं. उतारावरचं पाणी बदलतं आणि दगड शेवाळलेले असतात.

डोहकाठ
उतारावर अवलंबून फेरी आखू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं वाहतं पाणीही पाय उचलू शकतं, आणि तुमच्या लेकीला तेच पाणी जवळजवळ कमरेपर्यंत येतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं, त्यापुढे आपण हात किती घट्ट धरलाय याला अर्थ उरत नाही.
तिथे गेलातच तर एक साधी चाचणी करा, मुलाला हिशेबही करायला मिळेल. काठाने दहा मोठी पावलं मोजा, वरच्या टोकाला काडी टाका आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते बघा. दहा पावलं म्हणजे ढोबळ मानाने सात-आठ मीटर. काडी सात-आठ सेकंदांत पोचली तर वेग सेकंदाला मीटरभर झाला. एवढ्या वेगात मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यातही मी उतरणार नाही.
तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी चढतं. वर धरण असेल तर सोडलेलं पाणीही तसंच येतं, सोडायच्या वेळा आधी चौकशी करून घ्या. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, किंवा आवाज वाढला, की सामान आवरत बसू नका. मुलांना उचला आणि वर चढा.

माळावरचा_मी
सासूबाईंबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलावा लागतो. त्यामुळे आधी नदी की आधी शेतं, हे टेकडीची कुठली बाजू उभी आहे त्यावर ठरवा. उभ्या बाजूने चढायचं, लांब सोप्या बाजूने उतरायचं. नकाशातल्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीवाटीने आहेत ती बाजू उभी, ती चढायला घ्या. दोन काठ्या दिल्यात तर उतारावर बराच भार हातांवर जातो. काठ्या उतरताना थोड्या लांब करायच्या असतात.

पाणकिडा
मुलांसाठी माझ्याकडून एक गोष्ट. काठच्या लव्हाळ्यांवर, पाण्यापासून हातभर उंचीवर, कोरड्या तपकिरी किड्यासारखं काहीतरी देठाला घट्ट चिकटलेलं शोधा. ती चतुराची कात असते. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, मोठं झालं की देठावर चढतं, पाठ फाटते आणि पंखवाला चतुर बाहेर पडतो. कात हातात घेऊन नीट बघा. पाठीवर फट असते आणि फटीतून पांढरे बारीक धागे बाहेर लोंबतात. ते त्याच्या श्वासनलिकांचं आतलं अस्तर. माझी भाची एकदा त्या धाग्यांकडे इतका वेळ बघत बसली की बाकीचे पुढे निघून गेले होते.
दुसरं, उथळ पाण्यातला एखादा गोटा हलकेच उलटा करा. खाली तीन शेपट्यांच्या किंवा दोन शेपट्यांच्या चपट्या अळ्या दिसल्या तर पाणी बरंच स्वच्छ आहे असं समजा. बघून झालं की गोटा होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा. नाहीतर खालचं घर उघड्यावर येतं. आणि पाणी कितीही नितळ असलं तरी प्यायचं नाही, किड्यांना हात लावल्यावर हात धुवायचे.

नदीवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय: साकवापर्यंतचीच फेरी. टेकडीची उभी बाजू साकवाकडे आहे. म्हणजे गावातून काठाने वर जायचं, पहिल्या वळणाच्या आत वाळूवर मोठा थांबा, साकव ओलांडून टेकडी चढायची आणि लांब बाजूने हळूहळू गावात उतरायचं. नदी आधी आणि गुडघ्यांनाही सोयीचं, दोन्ही जमलं. नदीतला उतार सोडून दिला. बाहेरच्या वळणापाशी लेकीला कुणाच्या हाताशी ठेवायचं हेही आधीच ठरवून टाकते.

काठावरची
माझ्यापेक्षा हे बरं आहे, मान्य. लेकीला नदीच्या उलट्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी आणि ती यांच्यामध्ये कायम मोठं माणूस. आणि हाक मारली की थांबायचं, हा खेळ घरीच दोन-चार दिवस खेळून घ्या.

माळावरचा_मी
नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, नदीच्या खोलगट भागात रेंज जाते. कुणाला वाट सांगताना ‘डावा काठ’ म्हणायचं तर पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा, नाहीतर दोघं दोन काठांवर वाट बघत बसतात. घरी एकाला परतायची वेळ सांगून ठेवा.

डोहकाठ
साकवाला कठडा कसा आहे ते निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारा. बऱ्याच साकवांना दोनच आडव्या नळ्या असतात, मोठ्यांना पुरतात, पण चार वर्षांचं मूल मधून सहज निसटतं. तसं असेल तर एक मोठं आणि लेक असे दोघंच आधी पलीकडे जा, मधोमध चालत. मुलगा आणि सासूबाई त्यांच्यामागून. साकवावर थांबून फोटो काढायचा मोह होतोच, तो पलीकडे पोचल्यावर काढा.