मदत हवी आहे: पावसाळ्यात मॉप वाळवायचे कुठे? (कायाकल्प, ग्रामीण रुग्णालय)

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. संसर्ग नियंत्रणही माझ्याकडेच, म्हणजे वॉर्डची ड्युटी सांभाळून. कायाकल्पचं (सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेची बक्षीस योजना) पीअर असेसमेंट, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयाच्या टीमकडून होणारी तपासणी, तोंडावर आलंय. पुढे बाहेरची टीम येईल तेव्हा ७० टक्क्यांच्या आत राहिलो तर बक्षिसाचं नाव काढायला नको.

कागदपत्रं चोख आहेत. समितीची इतिवृत्तं, हात धुण्याचे तक्ते, जैव कचऱ्याचं रजिस्टर, सगळं जागेवर. पिवळ्या-लाल पिशव्या, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा, यातही आता कुणी चुकत नाही. घोडं अडलंय ते फरशीपाशी.

दिवसा मावशी तीन बादल्यांनी व्यवस्थित पुसतात: साबणाचं पाणी, साधं पाणी, मग जंतुनाशक. रात्री अख्ख्या इमारतीला एकच कंत्राटी मामा. अपघात विभागात रक्त पुसलेला मॉप त्याच पाण्यात बुचकळून लेबर रूममध्ये जातो. त्यांना ओरडून काय उपयोग? दुसरा मॉप ओलाच असतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे काही वाळत नाही, आणि ओला मॉप रात्रभर कोपऱ्यात उभा राहिला की सकाळी वास मारतो. जंतूंची चंगळच.

दुसरं दुखणं हायपोक्लोराइटचं, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाचं. कॅन कधी ५ टक्क्यांचा येतो, कधी १० चा. रक्त सांडलेल्या जागेसाठी १ टक्क्याचं द्रावण करायचं तर पहिल्यात एका भागाला चार भाग पाणी, दुसऱ्यात नऊ. भिंतीवरच्या तक्त्यावर एकच प्रमाण, त्यामुळे काम अंदाजपंचे. त्यात कॅन खिडकीखाली उन्हात ठेवलेला असला की औषधाचा जोर आधीच उतरलेला.

विचारायचं असं की:

मॉप वाळवायला तुम्ही काय जुगाड केलाय? काढता येणारी मॉपची कापडं जास्तीची घेतली तर रोज धुऊन पुरतात का? लेबर रूमचा मॉप वेगळ्या रंगाचा ठेवलाय, पण रात्री तो तिथेच राहावा म्हणून काय करता? क्लोरीन तपासायच्या पट्ट्या रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाचा स्वतःचा निधी सांभाळणारी समिती) पैशांतून कुणी घेतल्यात का, ऑडिटला आक्षेप आला का?

बादलीवर ऑइलपेंटने पाण्याची आणि औषधाची रेघ मारायचं डोक्यात आहे. पण कॅन बदलला की रेघही बदलणार, त्याचं काय करायचं?

‘स्टाफला ट्रेनिंग द्या’ एवढंच कृपया लिहू नका, ते दिलंय. एजन्सी माणसं बदलते की पुन्हा पहिल्यापासून. आणि जिल्हा रुग्णालयवाल्यांनो, आमच्याकडे लाँड्री नाही, हे धरून सांगा.