तंटामुक्त समितीत नाव आहे, बोलावणं मात्र येत नाही. काय करावं?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)
नमस्कार. गावच्या तंटामुक्त समितीत मी तीन वर्षांपासून सभासद आहे. बैठक रात्री नऊला, मारुतीच्या पारावर. नेमकं तेव्हाच आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं. दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो. मागच्या वेळी मी भाकरी थापत होते, हात कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात. माझ्या नावापुढे 'हजर' आधीच लिहिलेलं होतं, सही तेवढी बाकी. त्या दिवशी मी सही केली नाही.

गेल्या गणपतीत मिरवणुकीच्या वाटेवरून दोन गल्ल्यांची पोरं भिडली. दगड एका म्हातारीच्या कपाळाला लागला, सात टाके पडले. आम्हा बायांना याची कुणकुण दोन दिवस आधीच लागली होती. दोन्ही गल्ल्यांच्या बाया एकाच नळावर हंडे लावतात. कोणाच्या ओट्याखाली काठ्या येऊन पडल्या, कोणाचा पोरगा जेवायलाही घरी येत नाही, सगळं तिथं कळतं. समितीतल्या एका जाणत्याला सांगायला गेले, तर म्हणे, "बाई, तुले काय करनं शे?"

परवा एका प्रशिक्षणात ऐकलं, शांतता-सुरक्षेच्या कामात बायांचा वाटा असावा म्हणून सरकारं आराखडे करतात. आपल्याकडे असं काही आहे का? मला मानाची खुर्ची नको. नळावर कळलेलं वेळेत ऐकून घेणारं कोणी हवं.

पांझराकाठचा मास्तर, धुळे
ताई, बरोबर ऐकलंत. 31 ऑक्टोबर 2000 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1325 केला. तंटा टाळण्यात, तह करण्यात आणि नंतर घडी बसवण्यात बायकांना स्थान हवं, असा तो ठराव. त्यावरून डेन्मार्कने 2005 मध्ये पहिला राष्ट्रीय आराखडा केला, नेपाळने 2011 मध्ये, बांगलादेशाने 2019 मध्ये. नेपाळ तर दहा वर्षांच्या यादवीतून नुकता बाहेर पडला होता, तरी त्याने जिल्ह्याजिल्ह्यात समन्वय समित्या नेमल्या. भारताचा असा स्वतंत्र आराखडा नाही. मात्र 2007 मध्ये शांतिसेनेसाठी केवळ महिलांचं पोलीस पथक लायबेरियाला धाडणारा पहिला देश आपलाच. तिथं आपल्या लेकींनी रात्रीची गस्त घातली, आणि इथं पारावर बाईला बसू देत नाहीत. याचा मला फार राग येतो.

गोमाईकाठ, शहादा
ताई, दिल्लीच्या आराखड्याची वाट पाहू नका. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, कायदाच तसा आहे. तिथं दोन ठराव मांडा. समितीची बैठक दुपारी व्हावी आणि सणाआधी आठ दिवस बायांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं. पंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाचे असतात, ते कुठं गेले हेही तिथंच विचारा. आमच्या गावात दारूबंदीच्या मतदानाआधी 25 टक्के बायांच्या सह्या लागल्या. त्या आम्ही शेतात निंदणीच्या वेळी गोळा केल्या, कारण घरी कोणी मोकळेपणी बोलत नव्हतं. एकटी जाऊ नका. दोन्ही गल्ल्यांतल्या बाया सोबत घ्या.

बोरीकाठ
मास्तर, ताई, खूप आधार वाटला. जिच्या कपाळाला दगड लागला, ती आजी स्वतःच म्हणतेय, पहिला अंगठा माझा. अर्ज आज रात्रीच लिहिते. पोच कोणाकडून घ्यायची?

गोमाईकाठ, शहादा
ग्रामसेवकाकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून. सही, तारीख आणि शिक्का, तिन्ही घ्या. आजीचा अंगठा अर्जावर सगळ्यात वर घ्या.