‘अ सामुराई इन टाइम’: थोडी भर
या जपानी सिनेमाचा पहिला अर्धा तास घिसापिटा आहे, काळ ओलांडून आलेला माणूस टीव्ही बघून दचकतो वगैरे, अशी तक्रार ऐकू येते; ती मान्य. पण पुढे बघाच. जपानच्या आइझू प्रांतातला हा सामुराई, म्हणजे जुन्या काळचा योद्धा, क्योतोच्या स्टुडिओत येऊन पडतो आणि पोटासाठी ऐतिहासिक मालिकांत नायकाच्या तलवारीखाली मरायचं काम धरतो. सिनेमाचा जीव तिथे आहे. त्याच्या गुरूची भूमिका आधी सेइझो फुकुमोतो करणार होते. ‘द लास्ट सामुराई’मध्ये टॉम क्रूझच्या मागे मुकाट फिरणारा तो पहारेकरी आठवतो? तेच. आयुष्यभर पडद्यावर मरत आलेला नट. २०२१ मध्ये ते गेले, म्हणून दुसऱ्याला घ्यावं लागलं.

केकचा प्रसंग तर अफलातून. असली गोड चीज आता कुणालाही खाता येते, या विचारानेच सामुराईचा गळा दाटतो. (असं लिहायला भात पिकवणाराच दिग्दर्शक हवा! जुनिची यासुदा खरंच शेती करतात, आणि छायाचित्रण-संकलनही त्यांचंच.) २०२४ मध्ये तोक्योतल्या एका थिएटरात लागलेला हा सिनेमा पुढच्या वर्षी जपान अकादमी चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. लांबी मात्र जास्तच. मधली पंधरा-वीस मिनिटं मी तरी कापली असती.