‘असेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञांसाठी फोनवरून दुभाषाचं काम करते. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ पासून तीन शब्द वेगळे ठेवलेत. कन्सेंट माणूस स्वतःपुरता देतो, आईबाप मुलासाठी देतात ती परमिशन, आणि मुलाचं स्वतःचं ते असेंट. मी तिन्हीला ‘संमती’ म्हणून मोकळी होते. परवा डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, तीनदा एकच शब्द कसा?

प्रतिसाद : परमिशनला सरळ ‘परवानगी’. असेंटला काही जण ‘अनुमती’ म्हणतात, मला पटत नाही. अनुमती वरच्याने खालच्याला द्यायची. नऊ वर्षांचं पोर डॉक्टरांना कसली अनुमती देणार? ‘रुकार’ घ्या. स्थळाला रुकार कळवतात तो. त्यात मनापासूनचं ‘चालेल’ आहे आणि नकाराची सोयही.

दुसरा प्रतिसाद : रुकार छान, पण पोराला तो शब्द कळणार का? त्याला आपलं ‘तुला चालेल का रे?’ पुरे. माझ्या मते घोळ मोठ्यांच्या ‘हो’चा आहे. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो, तसंच डॉक्टर बोलत असताना ‘हो, हो’ करतो. म्हणजे ऐकतोय, एवढंच.

आमच्याकडे एका बाळाच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे काळजी करण्याइतकं निघालं. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डॉक्टरांनी काजळाबद्दल विचारलं, बंद करा म्हणाले. आजी ‘हो, हो’. अकरा वर्षांच्या नातवाने भाषांतर केलं, ‘ओके म्हणतेय’. (२०१६ पासून संघीय नियमानुसार जिवावरचा प्रसंग नसेल तर लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, पण घाई असते ना सगळ्यांना.) पुढच्या खेपेला बाळाच्या डोळ्यांत काजळ होतंच, वर गालाला तीट. डॉक्टर चिडले, ‘कबूल करून फिरल्या’. त्यांनी कबूल केलंच कुठे होतं?

प्रश्नकर्ती : इथेच माझी पंचाईत होते. जे बोललं गेलं तेवढंच पोचवायचं, हा आमचा दंडक. ‘हा होकार नव्हे, हुंकार आहे’ असं मी मधे सांगावं का? न सांगावं तर बाळाचं नुकसान, सांगावं तर आजींच्या तोंडी माझे शब्द.

दुसरा प्रतिसाद : ‘दुभाषाकडून एक खुलासा’ असं दोघांनाही ऐकवून सांगा. डॉक्टरांना म्हणावं, आजींनाच विचारा काय समजलं ते.

प्रश्नकर्ती : आज काजळाच्याच एका प्रसंगात करून पाहिलं. पलीकडून आजी म्हणाल्या, ‘आता माझी परीक्षा घेणार होय!’ मग हळूच, ‘घरी धरलेलं काजळ पण नको का?’