मदत हवी आहे : छपाई कारखान्यात कोणते अग्निशामक ठेवावेत?

महापे एमआयडीसीतील आमच्या छपाई कारखान्यात सॉल्व्हंटचे (शाई विरघळवणाऱ्या ज्वलनशील द्रवाचे) डबे, कागदाचे गठ्ठे आणि विजेचे पॅनेल एकाच शेडमध्ये असून सर्वत्र एबीसी पावडरचेच अग्निशामक टांगलेले आहेत. ही पावडर कागद, द्रव आणि वीज अशा तिन्ही आगींवर चालते हे मान्य. पण ती यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक भागांत शिरली की दुरुस्ती फार महाग पडते, म्हणून पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असावेत, असे माझे मत आहे. मालकांना हा खर्च (अर्थातच) अनावश्यक वाटतो. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे जे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे असते, त्यात असा बदल नोंदवावा लागतो का? तसेच सॉल्व्हंटने भिजलेली फडकी पाळी संपेपर्यंत आपण कशात ठेवता, हेही कृपया कळवावे.